वेगळी शिजवायची डाळ

संक्रांत जवळ आली की नांदेडात तुरीच्या हिरव्या शेंगांचे हातगाडे लागतात. मी पाव किलो घ्यायची ठरवून जाते आणि किलोभर घेऊन येते. मिठाच्या पाण्यात उकडल्या की घरभर तो ओलसर, रानातला वास पसरतो आणि मग दोन दिवस माझं कशात लक्ष लागत नाही. वीस-बावीस वर्षं मी एसटीत कंडक्टर होते. आता रिटायर झाले, पण आवाज तसाच राहिला. परवा गाडेवाला म्हणाला, "ताई, हळू बोला की, मी इथंच उभाय." बावीस वर्षं इंजिनच्या वर आवाज काढला, तो काय आता एकदम खाली बसतोय होय!

महिन्याभरानं शेंगा वाळतात, तुरी खळ्यावर येतात आणि मग माझी खरी लगबग सुरू होते. मुखेडकडच्या आमच्या गावाहून भाऊ तुरीचं पोतं पाठवतो. म्हणतो, "अक्का, लातूरच्या मिलची डाळ दुकानात मिळती, कशाला हाडं मोडून घ्यायलीस?" मिळते की. पिवळीधमक, गुळगुळीत, एकेक दाणा पावडर लावून बसलेल्या नवरीसारखा. मी खाते पण तीच, रोज. पण माघात एक पिशवी डाळ मी घरी करते आणि ती घरात शिजत नाही. ती गुरुद्वाऱ्याच्या लंगरात जाते. आमच्या मायनं लावून दिलेलं हे काम आहे आणि माय जाऊन आता दहा वर्षं होऊन गेली.

माय डाळ करायची तेव्हा आमचं अंगण आठ दिवस तिचं असायचं. कुणी मधून चाललं की वरडायची. तूर भिजवायची, उपसायची, तेलाचा हात लावायचा, उन्हात पसरायची, संध्याकाळी गोळा करायची, परत सकाळी पसरायची. साल सुटायला लागलं की जात्यावर भरडायची. जात्याचा तो घरघर आवाज आणि त्यातून पडणारी ती कोमट, दोन फाका झालेली डाळ! मी लहानपणी त्या ढिगात हात घालून बसायची. मग माय सुपानं पाखडायची आणि फोलपटं वाऱ्यावर अंगणाबाहेर जायची. तिच्या हातच्या डाळीचं नाव सगळ्या गावात होतं. ज्यांची दीडशे माणसांची पंगत असे, त्यांच्या घरून निरोप यायचा, "डाळ भरडायला पाठवा." माय जायची. भरडून, पाखडून, निवडून द्यायची. तिथवर तिचे हात चालायचे. डाळ चुलीवर चढली की मात्र ती आमची राहत नव्हती, आणि मायनं अंगणाच्या कडंला जाऊन बसायचं, हे ठरलेलं होतं.

पुढं आम्ही बौद्ध झालो. भाऊ शिकला, मी नोकरीला लागले, घरात दीड एकर जमीन आली. माय विहारात पांढरं लुगडं नेसून पुढच्या ओळीत बसायची आणि कुणाच्या बापाला भ्यायची नाही. तरी तिच्या मनात एक गोष्ट रुतून बसली होती आणि ती मला तिनं फार उशिरा सांगितली. शेंगा सोलताना, मान वर न करता म्हणाली, "शोभे, म्या उभ्या जल्मात लई डाळ भरडली. पण माझ्या हातानं वाढलेली डाळ परक्या माणसानं खाताना म्या बघितली न्हाई. यकदा बघायचीय." मी म्हटलं, "एवढंच ना? घालू की गावजेवण." ती म्हणाली, "गावात नगं." आणि पुढच्या शेंगेला हात घातला.

तेव्हा मला हरमीतबाई आठवल्या.

हरमीतबाई म्हणजे हिंदीच्या बाई. नांदेडच्या, तीन पिढ्यांपासून इथंच असलेल्या शीख घरातल्या. मुखेडच्या शाळेत शिकवायच्या आणि सकाळच्या गाडीनं रोज जायच्या. ड्यूटी फिरायची, पण ती गाडी बहुतेक माझ्याच वाट्याला यायची. माझ्या मागच्या सीटवर खिडकीला त्या बसायच्या. कपडे साधे, डोक्यावर ओढणी, हातात कडं, आणि मराठी अशी बोलायच्या की नवा प्रवासी मागं वळून बघायचा. "शोभा, काय करून राहिली? आधी दोन घास खा, तिकिटं पळून नाही जात." डब्यातला एक पराठा त्या माझ्यासाठी वेगळा बांधून आणायच्या. तो मी नायगाव येईपर्यंत उभ्या-उभ्याच खायची.

एकदा गाडी पंक्चर होऊन आम्ही सगळे लिंबाखाली बसलो होतो. मी सकाळपासून पेटलेली. एकानं सुट्यांवरून वाद घातला होता, एक पोरगी सीटवर ओकली होती आणि घरी नवऱ्याशी बोलणं बंद होतं. मी बाईंना म्हटलं, "काय हो बाई, माणसाचा जन्म कशाला असतो? असाच मरमर करायला? तुमच्यात काय सांगतात?"

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आमच्यात सांगतात, भेटायला असतो."

"कुणाला?"

"ज्याच्यातून आलो त्याला. फार फिरून फिरून हा माणसाचा जन्म हाताला लागतो म्हणतात. ही आपली पाळी असते. बाकीच्या कामात घालवली तर गेली."

"आणि तो भेटतो कसा? पत्ता?"

"त्याचं नाव घे. हातानं कष्ट करून खा. आणि खाण्याआधी वाटून खा. एवढंच. ह्याच्या मध्ये एकच गोष्ट आडवी येते, ती म्हणजे मी-मी. ती भिंत पडली की तो पलीकडेच बसलेला असतो."

मी म्हटलं, "नाव घ्यायचं तुमचं तुम्ही बघा, आमच्या घरात देव नाही. बाकीची दोन मात्र आमच्या मायला आधीच येतात." बाई म्हणाल्या, "मग तिचं दोन-तृतीयांश काम झालंच की गं!" तेवढ्यात चाक बसलं आणि ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

गावी गेले तेव्हा मी मायला हे सांगितलं, मोठ्या उत्साहानं. माय सूप खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "फिरून फिरून जल्म, व्हय? मागल्या जल्माचं नाव माझ्या घरात काढू नगस. मागल्या जल्माचं पाप हाय म्हणून तर आमाला गावाच्या भाईर ठिवलं हुतं. लई गोड बोलून सांगायचे." तिचं खरं होतं. पण थोड्या वेळानं तीच म्हणाली, "ती सरदारीण आनखी काय म्हणली? वाटून खायाचं?" मी हो म्हटलं आणि गुरुद्वाऱ्यातल्या लंगरचं सांगितलं. "आन तिथं कोन वाढतं?" मी सांगितलं, तिथं कुणीही वाढतं. डोकं झाकायचं, हात धुवायचे आणि बादली उचलायची. सगळे एका ओळीत खाली बसतात, तालेवार असो नाहीतर रस्त्यावरचा. माय म्हणाली, "कुनीबी?" आणि मग बराच वेळ जातं फिरवत राहिली.

त्या वर्षी तूर चांगली झाली होती. माघात मायनं तिच्या आयुष्यातली सगळ्यात निगुतीनं केलेली डाळ केली. तिला दमा लागायला लागला होता, दोन फेऱ्या फिरवल्या की थांबावं लागायचं, पण मला जात्याला हात लावू देईना. पांढऱ्या कापडाची पिशवी तिनं स्वतः शिवली. एका रविवारी मी सुट्टी काढली आणि आम्ही दोघी नांदेडला निघालो. पिशवी मांडीवर घेऊन ती खिडकीला बसली. मी म्हटलं, वर ठेव, तर म्हणाली, "असू दे. गरम हाय." डाळ कुठली गरम, तिचेच हात गरम होते.

गुरुद्वाऱ्याच्या दारात बाई उभ्या होत्या. त्यांनी मायच्या डोक्यावरचा पदर स्वतःच्या हातानं नीट केला, आम्ही चपला ठेवल्या, पाण्यातून पाय काढले. आत दुपारच्या लंगरची गडबड चालू होती. स्वैपाकघराच्या बाहेर मोठ्या चादरीवर पिवळ्या डाळीचा ढीग पडलेला, आणि भोवती दहा-बारा बाया निवडत बसलेल्या. पंजाबातून आलेल्या, नांदेडच्या, एक तर साडी नेसलेली देगलूरकडची होती, तेलुगूत बोलत होती. एक पांढऱ्या दाढीचे सेवेकरी बाबा उभे होते. बाईंनी सांगितलं, ह्यांनी घरची डाळ आणलीय. बाबांनी हात जोडले आणि पिशवी घ्यायला हात पुढे केला.

मायनं पिशवी सोडली नाही. म्हणाली, "ही येगळी शिजवा."

बाईंना वाटलं, बरोबर ऐकू आलं नाही. "काय म्हणता माय?"

"येगळी शिजवा. ह्यात मिसळू नगा."

मला आत कुठंतरी लाजल्यासारखं झालं. कळलं पण. बिचारीला आपली डाळ आपली म्हणून बघायची होती, ह्या एवढ्या ढिगात तिची पसाभर डाळ कुठं दिसणार? बाईंनाही तेच वाटलं असणार. त्या अगदी मायेनं, शाळेत समजावतात तसं, म्हणाल्या, "माय, इथं कुणाचं वेगळं नसतं. कोण काय आणतं, कोणी काय दिलं, सगळं एका भांड्यात. 'माझं' म्हटलं की सेवा तिथंच संपते. ते मी-पण एवढं सोडायचं बघा."

माय पिशवीचं तोंड मुठीत धरून तशीच उभी. मीही हलकेच ओढून बघितली. "माय, सोड ना. लोक बघून राहिलेत."

तेव्हा ती बोलली. माझ्याकडे नाही, त्या बाबांकडे बघून, ज्यांना तिची भाषा अर्धीही कळत नव्हती. "माझ्यासाठी न्हाई म्हणायले, बापू. ज्याला चालत नसंल, त्यानं ह्यातली घेऊ नये म्हणून. येगळी असली म्हंजी सांगता येतं. न सांगता खाऊ घातलं असं उद्याला कुनी म्हणाया नगं."

निवडणाऱ्या बायांपैकी एकीचे हात थांबले.

आणि मग मायनं जे सांगितलं ते मी तिच्या पोटची लेक असून पहिल्यांदा ऐकलं. तेरा-चौदा वर्षांची होती, नुकती नांदायला आलेली. एका मोठ्या घरी लग्नाची डाळ भरडून दिली आणि कडंला बसली. चुलीवर डाळ उतू जायला लागली, आजूबाजूला कुणी नव्हतं, म्हणून धावत जाऊन हिनं पळी घालून ढवळली. तेवढंच. हंडाच्या हंडा उकिरड्यावर नेऊन ओतला, हिला समोर उभी करून. "माझीच डाळ हुती," माय म्हणाली. "म्याच भरडलेली. वाफा निघत हुत्या. मंग कुत्र्यांनी खाल्ली. कुत्र्यांना काय बी झालं न्हाई."

मी रडले. सरळ सांगते, त्या एवढ्या लोकांत, बावीस वर्षं गाडीभर माणसांना दटावणारी मी हमसून रडले. मला सगळ्यांचाच राग आला होता. त्या घराचा, स्वतःचा, आणि बाईंचासुद्धा. मी-पण सोडा म्हणे! जिला उभ्या आयुष्यात 'मी' म्हणू दिलं नाही, तिनं सोडायचं काय?

बाई खाली बसल्या, फरशीवर, मायच्या पायांशी. म्हणाल्या, "माय, मी उलटं समजले. माझं चुकलं." मग त्यांनी बाबांना हिंदीत थोडक्यात सांगितलं. बाबांनी ऐकलं. म्हातारा मोठा शहाणा निघाला. त्यांनी पिशवीला हातच लावला नाही. चादरीवरच्या बायांना सरकायला सांगितलं, जागा केली आणि मायला म्हणाले, "माताजी, आप मिलाओ. अपने हाथ से."

मायनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. ती बसली, गाठ सोडली आणि पिशवी ढिगावर पालथी केली. मिलच्या त्या चकाकत्या डाळीवर आमची मातकट, कुठं कुठं साल राहिलेली डाळ लगेच ओळखू येत होती. मायनं बांगड्या मागं सारल्या आणि दोन्ही हात कोपरापर्यंत त्या ढिगात घातले. खालून वर, खालून वर. आधी घाबरत, मग जोरानं. शेजारची देगलूरची बाई तिच्याबरोबर मिसळायला लागली. किती वेळ मिसळत होत्या कुणास ठाऊक. शेवटी मायनं हात काढले तेव्हा तिची डाळ कुठली हे मलाही सांगता आलं नसतं. ती दमली होती, छाती वरखाली होत होती, आणि हाताला पिवळी धूळ लागली होती.

पुढं आठ दिवस बाई रोज गाडीत बसायच्या, पराठा द्यायच्या, खिडकीबाहेर बघायच्या. एका सकाळी मुखेड दिसायला लागल्यावर म्हणाल्या, "शोभा, मी त्या दिवशी चुकीच्या माणसाला शिकवलं. मी-पण होतं ते हंडा ओतणाऱ्यांचं. आणि थोडं माझंही होतं. मी वरून बोलले." मी म्हटलं, "बाई, जाऊ द्या." त्या म्हणाल्या, "जाऊ कसं देऊ? तेच तर काम आहे जन्माचं." आणि पर्स सावरून उतरल्या. मी बौद्ध आहे, बौद्धच मरेन. फिरून फिरून जन्म मिळतात का, हे मला माहीत नाही आणि खरं सांगायचं तर पटतही नाही. पण आपली चूक आठ दिवस मनात घेऊन, ती कबूल करायला कंडक्टरच्या मागच्या सीटवर बसणारं माणूस मी बघितलं. बाईंचा धर्म मला त्यांच्या बोलण्यापेक्षा त्यातून जास्त कळला.

गुडघ्यांमुळे आता बाईंना खाली बसता येत नाही. गेल्या माघात डाळ घेऊन गेले तेव्हा भिंतीच्या बाकावर बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "साल राहिलंय गं ह्यात. मायसारखी नाही जमत तुला." मी म्हटलं, नाहीच जमत. आणि त्यांच्या ताटात वाढलं. त्यांनी दोन्ही हात पुढे करून रोटी घेतली, सगळे घेतात तशी.

डाळ मिसळली त्या दिवशी मायनंही वाढलं. डाळ शिजली, बादल्या भरल्या. बादली मी धरली कारण तिला पेलवत नव्हती, आणि पळी तिच्या हातात दिली. लांबच लांब पंगत बसलेली. पहिल्या ताटापाशी ती अडली. एक माणूस बसला होता, कुठला कोण, भगव्या पगडीचा, प्रवासानं काळवंडलेला, ताट पुढं केलेलं. मायनं पळी भरली, पण पुढं जाईना. मी मागून हळूच म्हटलं, "वाढ, माय." जन्मभर 'पुढं सरका, पुढं सरका' म्हणत आले, ते दोन शब्द मात्र तिच्यापुरतेच बोलले. तिनं वाढलं. त्या माणसानं वर बघितलंसुद्धा नाही, रोटी मोडली, डाळीत बुडवली आणि तोंडात घातली. माय तिथंच उभी राहून त्याचा घास गिळून होईपर्यंत बघत होती. मग पुढं सरकली. अख्खी ओळ तिनं वाढली. दम लागला तरी पळी दिली नाही.

मग आम्हालाही ओळीत बसवलं. मायनं घास घेतला आणि बोटानं डाळीतून काहीतरी बाजूला काढलं. एवढंसं फोलपट. "हे माझं हाय," ती माझ्या कानात म्हणाली, पकडली गेल्यासारखी. "पाखडायला चुकले." आणि वाढणारा परत आला तेव्हा तिनं ताट पुढं केलं. परक्या पंगतीत मायनं दुसऱ्यांदा मागून घेतलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळच्या गाडीनं परत निघालो. रिकामी पिशवी तिनं घडी करून कमरेला खोचली होती. उन्हं तुरीच्या कापलेल्या रानांवर आली होती. मला वाटलं झोपली. पण नायगाव गेल्यावर म्हणाली, "शोभे, तुझी बाई काय म्हणली हुती? जल्म कशासाठी असतो म्हणून?"

मी म्हटलं, "भेटायसाठी."

"मंग मला भेटलं की आज."

मी म्हटलं, "कोण गं?"

माय खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "नाव कशाला इचारू? ताट फुडं करून बसलं हुतं. म्या वाढलं, आन त्यानं खाल्लं."